नकाशातली रेघ आणि खाजनातलं पाणी

जुने नकाशे कॉम्प्युटरवर मोठे करकरून बघणं हा माझा बिनखर्चाचा प्रवास. त्यातही गोव्याचे नकाशे हाती लागले की जेवणाची वेळ टळते.

यान हायगेन फान लिन्स्होतेन हा डच तरुण १५८३ साली गोव्यात आला, तिथल्या आर्चबिशपच्या पदरी लिखापढी करायला. पोर्तुगीज जी दर्यावर्दी माहिती जिवापाड जपत, ती या पठ्ठ्याने गुपचूप उतरवून घेतली आणि १५९६ मध्ये मायदेशी छापून मोकळा झाला. त्यात तिसवाडी बेटाचा आणि गोवे शहराचा देखणा नकाशा आहे. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला जुवारी, दोघींना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी (तिच्यात आजही मगरी आहेत), चर्च, रस्ते, नदीत जहाजं. पुढे डच जहाजं मांडवीच्या तोंडाशी घिरट्या घालू लागली आणि पोर्तुगीजांनी १६१२ मध्ये आग्वादचा किल्ला बांधून काढला.

अशा बहुतेक नकाशांची नजर जहाजावरून किनाऱ्याकडे बघणाऱ्याची. नांगर कुठे टाकायचा, तोफा कुठे, गोडं पाणी कुठे. सत्तरी, सांगे, काणकोण म्हणजे नुसता कोरा कागद, फार तर चार डोंगर. ते तालुके नव्या काबिजादीतले, पोर्तुगीजांच्या हाती अठराव्या शतकात आले. त्याआधी त्यांचं कौतुक कोण करणार!

मला मात्र खटकते ती किनाऱ्याची रेघ. इकडे जमीन, तिकडे पाणी, इतकी स्वच्छ. मांडवीतल्या दिवाडी-चोडण बेटांवर जाऊन बघा, अशी रेघ तिथे नाहीच. भरतीचं खारं पाणी खाड्यांतून पार आतपर्यंत येतं. चिखल, पेंढा आणि चिऱ्यांचे बांध घालून लोकांनी ते अडवलं आणि मागे शेतं केली, ती खाजनं. बांधात मानस बसवलेली. या लाकडी दारांना ना रखवालदार लागतो ना मोटर. भरती आली की नदीचं पाणी दार बाहेरून दाबून बंद करतं. ओहोटी लागली की शेतातलं पाणी ते आतून ढकलून उघडतं. बाहेर पडणाऱ्या पाण्याबरोबर मासळी येते, तिला तोंडाशीच जाळं. आत कोरगुट पिकतं, थोडंफार खारं सोसणारं भात. बांधांची निगा पूर्वी गावकरीकडे, म्हणजे गावाची जमीन सामायिक सांभाळणाऱ्या संस्थेकडे असे, आणि गावकरी पोर्तुगीजांच्याही आधीची. आता मला सांगा, किनारा आखला कुणी? माझ्या मते नकाशेवाल्याने तो फक्त उतरवून घेतला.

पुढे पोर्तुगीजही त्याच चिखलाशी झगडले. पणजी ते रायबंदर हा दलदलीतून जाणारा लांबलचक दगडी रस्ता १६३३-३४ चा. त्यावरून आजही बस धावते आणि फारसं कुणी खिडकीबाहेर बघत नाही.

आता उपग्रहाचा नकाशा फुकटात मिळतो. त्यात मांडवीकाठी बरेच गर्द हिरवे पट्टे दिसतात आणि बघणाऱ्याचं मन प्रसन्न होतं. त्यातली काही मोडलेली खाजनं आहेत. बांध फुटला, कुठे तर मासळीच्या पैशासाठी मुद्दाम फोडला, खारं पाणी आत शिरलं, आणि भाताच्या जागी कांदळवन माजलं. आता शेत परत करायचं म्हटलं तर कांदळ तोडायची सोय नाही, कारण तिला कायद्याचं संरक्षण आहे.