विचारायला लाजू नकोस

माउलींच्या पालखीसोबत आळंदी ते पंढरपूर चालायची ही माझी पहिलीच वारी, आणि घरून मी एकटीच निघाले होते. पुणे ते सासवड हा वाटेवरचा सगळ्यात लांब टप्पा. दिवे घाटाच्या पायथ्याशी पाणी प्यायला थांबले, चपलेचा पट्टा आवळला, मान वर केली तर आमची दिंडी दिसेना. पुढे पताका, मागे पताका, चहूकडे टाळ. दिंडी पुढे गेली असं समजून मी झपाझप घाट चढू लागले. अर्धा घाट झाला तरी ओळखीचा एक चेहरा नाही. फोन लागत नव्हता. छातीत धडधडायला लागलं.

तेवढ्यात बाबांचा आवाज आठवला. ‘चुकलीस तर विचार. विचारायला लाजू नकोस.’

हे वाक्य मला अकराव्या वर्षी मिळालं. मावशीकडे जायला बाबांनी मला एकटीला एसटीत बसवलं होतं. तिकिटाचे पैसे माझ्याच मुठीत, घामाने ओले झालेले. माझ्याकडे लक्ष ठेवा असं ते कंडक्टरना सांगतील, असं वाटलं होतं. ते खिडकीखाली गजाला हात लावून उभे राहिले आणि म्हणाले, “कुठे उतरायचंय ते तू सांग त्यांना.” मला फार राग आला होता. बाकीच्या मुलींना त्यांचे वडील बोट धरून पोचवतात आणि मलाच असं का, हा प्रश्न पुढे बरीच वर्षं मनात होता.

घाटात मी डोक्यावर तुळस घेतलेल्या एका आजींना विचारलं.

“नंबर किती तुझा, माउली?”

मी सांगितला.

“मग पळतीस कशाला? तुझी दिंडी अजून मागंच हाय. उभी ऱ्हा कडंला.”

रथापुढे 27 दिंड्या, बाकीच्या रथामागे, आणि प्रत्येकीची जागा ठरलेली. लाखोंच्या गर्दीत माणूस सापडतं ते या शिस्तीमुळे. घाईघाईत मी आमच्या दिंडीलाच ओलांडून आले होते. कडेला उभी राहून फलकांवरचे नंबर वाचत राहिले. वरच्या वळणावर माउलींचा रथ दिसत होता, घाटासाठी जादा बैलजोड्या जुंपलेल्या. अर्ध्या-पाऊण तासाने आमचा फलक आला. वीणेकरी बुवांनी नुसती मान हलवली. मी रांगेत शिरले, टाळ घेतले.

सासवडला समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी दंड उंचावला आणि एवढा मोठा तळ एका क्षणात गप्प झाला. मग हरवल्या-सापडल्याची यादी वाचली गेली. ती ऐकताना पोटात कालवलं. तळावर परतल्यावर आईला फोन केला, घाटातलं सांगितलं, आणि इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं, “मला एसटीत बसवलंत तेव्हा भीती नाही वाटली?”

“वाटली नाही होय! हे स्टँडवरून आले ते मावशीचा फोन येईपर्यंत जेवले नाहीत. मागच्या गाडीने जातो म्हणून दोनदा चप्पल घातली यांनी. मीच दारात आडवी उभी राहिले.”

“का गं?”

“तू मागे वळून बघितलं असतंस आणि हे दिसले असते, तर पुढच्या वेळी एकटी गेली असतीस का?”

मला बोलता येईना. माझ्या मागे येणं त्यांना किती सोपं होतं! दोघं घरात बसून राहिली, माझ्यासाठी. माझी नोकरी, परगावी एकटीने घेतलेली खोली, ही वारी, सगळं त्या बसून राहण्यातून आलंय. आई-बाबा, हे मी तुम्हाला फार उशिरा सांगतेय.

जेजुरीचा भंडारा, नीरास्नान, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, वाखरी... पुढचे दिवस पायांनीच मोजले. पंढरपुरात कळसाला हात जोडले आणि परतले.

घरी पोचले तेव्हा दार बाबांनीच उघडलं. मी पाया पडायला वाकणार, तोच ते वाकले. पंढरीहून आलेल्याच्या पाया पडायची रीत. “बाबा, नको,” म्हणत मी त्यांचे हात धरायला गेले, तोवर त्यांची बोटं माझ्या भेगाळल्या पायांना लागली होती.