आजोबांच्या वहीतली पलभा

आजोबांच्या पंचांगाच्या वहीत एक ओळ आहे: ‘पुणे, पलभा ४’. विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवशी, भर मध्यान्हीला १२ अंगुळांच्या शंकूची (सरळ उभ्या काठीची) जी सावली पडते, ती पलभा; तीही अंगुळांतच. ती स्वतः मोजायची, असं यंदा मार्चमध्ये ठरवलं.

काठी सरळ उभी करण्यात वेळ घालवण्यापेक्षा गच्चीवरच्या कपड्यांच्या तारेला ओळंबाच टांगला. फरशीपासून बरोबर १०० सेंटिमीटरवर दोरीत मोठा लाकडी मणी ओवला आणि ओळंब्याखाली खडूने फुली मारली.

२० मार्चला घड्याळात बाराचा ठोका पडला आणि फुलीपासून मण्याची सावली मोजली. जवळजवळ ३९ सेंटिमीटर! त्यावरून अक्षांश आला २१ च्या वर, म्हणजे थेट नागपूरचा. पुण्याचा आहे साडेअठरा.

घोळ वेळेचा होता. भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, पुणं ७४ च्याही अलीकडे. एवढ्यानेच इथली मध्यान्ह १२:३५ वर जाते. त्यात मार्चमध्ये सूर्य आणखी सातेक मिनिटं उशिरा माथ्याशी येतो.

दुसऱ्या दिवशी साडेबारापासून दर दोन मिनिटांनी खुणा केल्या. वाऱ्याने मणी हलला की थांबायचं. सावलीच्या कडा पुसट, म्हणून खूण मधोमध करायची. १२:४२ च्या आसपास सावली सर्वांत आखूड झाली: साडेतेहतीस. सूर्य माथ्यापासून साडेअठरा अंश दक्षिणेला! विषुवदिनी तो विषुववृत्ताच्या बरोब्बर डोक्यावर असतो. आपण जितके अंश उत्तरेला, तितकाच तो आपल्या माथ्यावरून दक्षिणेला उतरतो. हे शाळेत पाठ केलं होतं, पण फरशीवर खडूने उमटलेलं पाहिलं आणि अंगावर काटा आला.

त्याच दिवशी नागपूरच्या भाचीलाही मोजायला लावलं होतं. तिकडे मध्यान्ह वीस मिनिटं आधी, १२:२१ ला. तिचा फोन आला, “मामा, साडेअडतीस!” काल चुकून माझ्या गच्चीवर आलेला आकडा तिथे खरा होता.

आता मेची वाट पाहतोय. १३ मेच्या सुमारास पुण्यात मण्याची सावली थेट फुलीवर येईल, नागपुरात २६ च्या सुमारास.

साडेतेहतीसला बाराने गुणून शंभराने भागलं: ४.०२. आजोबांच्या ओळीखाली मी लिहिलं, ‘नागपूर, पलभा ४.६’.