‘जर’ न म्हणता बोललेलं जर-तर

सीसॅटच्या, म्हणजे राज्यसेवा पूर्व परीक्षेतल्या आकलन आणि तर्काच्या पेपरच्या, तयारीत गणित, उतारे, आकृत्या यांवर भरपूर शिकवलं जातं. जर-तरच्या विधानांना मात्र एखादं पान मिळतं: अटीकडून परिणामाकडे बाण काढा, उलटा करा, दोन्हीकडे ‘नाही’ लावा, झालं. बाण काढणं मला लवकर जमलं. वेळ जायचा तो त्याच्या आधीच्या पायरीवर. समोरचं वाक्य जर-तरचं आहे हेच पटकन ओळखू यायचं नाही, कारण त्यात ‘जर’ नसायचं. राज्यसेवा पूर्वच्या या पेपरला 80 प्रश्न, 200 गुण आणि दोन तास असतात. पात्र व्हायला 33 टक्के पुरतात, पण चुकलेल्या उत्तराला एक चतुर्थांश गुण कापले जातात. तिथे एकाच वाक्याशी झटत बसणं परवडत नाही.

मी धोपाव्याची. फेरीबोटीने खाडी ओलांडून दाभोळ, तिथून एसटीने दापोलीची अभ्यासिका, असा माझा रोजचा रस्ता. गर्दीत पुस्तक उघडता येत नाही, म्हणून मी लोकांची वाक्यं टिपायला लागले. वहीच्या मागच्या पानांवर. तयारीतली माझी सगळ्यात उपयोगी वही तीच ठरली.

“वारा सुटला की लाइट जाते.” “दाखल्याशिवाय फॉर्म घेत नाहीत.” “उशिरा येईल तो उभ्याने जाईल.” “बिल भर, नाहीतर कनेक्शन तोडतील.” “पाऊस आहे तोवर कौलांना हात लावायचा नाही.” यांपैकी एकातही ‘जर’ नाही, आणि पाचही वाक्यं जर-तरचीच आहेत. आपण बोलताना ‘जर’ फार क्वचित वापरतो. ते काम की, शिवाय, नाहीतर, जो-तो, तोवर, म्हणजे असे शब्द करतात. एकदा ही यादी डोक्यात बसली की प्रश्नपत्रिकेतले तेच शब्द आपोआप टोचायला लागतात.

पण शब्द ओळखून भागत नाही. वाक्य कुठल्या दिशेने हमी देतं आणि कुठल्या दिशेने देत नाही, हे बघावं लागतं. आमच्या घरी मासेमारी आहे. बंदरात वादळी हवेच्या इशाऱ्याचा बावटा लावतात. बाबा नेहमी म्हणतात, “तीन नंबरचा बावटा लागला की होड्या बाहेर नाय जात.” आता समजा, बंदरात सगळ्या होड्या उभ्या आहेत. बावटा लागलाय का? सांगता येत नाही. खलाशी गावाला गेले असतील, डिझेल आलं नसेल, नाहीतर जून-जुलैची मासेमारीबंदी चालू असेल. बावटा नाही, मग होड्या बाहेर गेल्याच असतील? तेही सांगता येत नाही. पण एखादी होडी या नियमाला धरून आत्ता बाहेर असेल, तर बावटा लागलेला नाही, एवढं नक्की. चार शक्यतांतल्या दोनच पक्क्या: बावटा आहे तर होडी आत, होडी बाहेर तर बावटा नाही. उरलेल्या दोन दिशांना मोह फार होतो, आणि पर्याय तयार करणारा नेमके त्यांचेच पर्याय देतो.

मग ‘तर’ आणि ‘तरच’. “कागदपत्रं असतील तर कर्ज मिळेल” आणि “कागदपत्रं असतील तरच कर्ज मिळेल” ही वाक्यं ऐकायला सारखी वाटतात, पण त्यांचे बाण उलटे आहेत. पहिल्यात कागदपत्रं पुरेशी आहेत. दुसऱ्यात ती फक्त आवश्यक आहेत: कर्ज मिळालं असेल तर कागदपत्रं होती, एवढंच कळतं. कागदपत्रं देऊनही बँक नाही म्हणू शकते. ‘सभासदांनाच’, ‘तेव्हाच’, ‘झाल्याशिवाय नाही’ ही सगळी दुसऱ्या घरातली मंडळी.

पुरेसं आणि आवश्यक यांतला फरक मला कलमांच्या बागेत सगळ्यात स्पष्ट दिसला. मोहोराशिवाय आंबा नाही, हे कुणीही सांगेल. पण मोहोर आला म्हणजे आंबा आलाच, असं बागायतदार कधी म्हणणार नाही. तुडतुडे आहेत, अवकाळी पाऊस आहे, आणि काही नसलं तरी बहुतेक मोहोर गळूनच जातो. मोहोर आवश्यक आहे, पुरेसा नाही. परीक्षेत ‘शिवाय’ दिसलं की मी मनात मोहोर-आंबा घालून बघायचे. दिशा लगेच कळायची.

आपल्या न्यायशास्त्रातही, म्हणजे तर्काच्या जुन्या भारतीय शास्त्रातही, हेच आहे, हे वाचून मला फार आनंद झाला. जिथे धूर तिथे अग्नी, म्हणून डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं अनुमान करता येतं. जिथे अग्नी नाही तिथे धूर नाही, जसा पाण्याचा डोह. हा झाला व्यतिरेक, म्हणजे आपला दोन्हीकडे ‘नाही’ लावलेला उलटा बाण. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे मात्र चालत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी ओलं लाकूडही लागतं. पावसाळ्यात चूल फुंकलेल्या कुणालाही हे वेगळं शिकवायची गरज नाही.

काही वाक्यं मात्र फसवी असतात. “भूक लागली असेल तर टोपात भात आहे.” भुकेचा आणि भाताच्या असण्याचा काही संबंध नाही. मला भूक नसली म्हणून टोप रिकामा होत नाही. इथे ‘असेल तर’ असूनही खरी अट नाही. तसंच “पाऊस लागला म्हणून गाडी उशिरा आली” यात घडून गेलेल्या दोन गोष्टी आणि त्यांचं कारण आहे, अट नाही. ‘असलं तरी’ तर अट मोडीतच काढतं. आणि “सहसा”, “बहुतेक वेळा” आलं की बाणाची हमीच जाते.

उलट बाजूचा घोळ घरातच भेटतो. काकू चुलतभावाला म्हणाली, “अभ्यास झाल्याशिवाय मोबाईल नाही.” त्याने अभ्यास संपवला आणि हात पुढे केला. घरात ते रास्तच आहे, कारण असं बोलताना आपण न बोललेलं वचनही देत असतो. प्रश्नपत्रिका मात्र न बोललेलं धरत नाही. तिथे काकूच्या वाक्यातून एवढंच निघतं की मोबाईल हातात असेल तर अभ्यास झालाय.

सरावासाठी एक कोडं मला फार आवडतं. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये चार पत्त्यांचं कोडं मांडलं, आणि भलेभले त्यात अडकतात. मी ते आमच्या किनाऱ्यावर आणलं. नियम: नौका यांत्रिक असेल तर 1 जून ते 31 जुलै समुद्रात जायचं नाही. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना ही बंदी नाही. जुलैतल्या एका दिवसाच्या चार नोंदी तुमच्यापुढे आहेत, प्रत्येकीचा एकच भाग वाचता येतो: एकीवर ‘यांत्रिक’, दुसरीवर ‘बिगरयांत्रिक’, तिसरीवर ‘समुद्रात होती’, चौथीवर ‘किनाऱ्यावर होती’. नियम मोडला का हे कळायला कुठल्या नोंदी पूर्ण उघडाल? पहिली आणि तिसरी. बिगरयांत्रिक कुठेही असो, नियम तिच्याबद्दल बोलतच नाही. किनाऱ्यावरची कुठलीही असो, तिने काही मोडलेलं नाही. वेसनच्या मूळ कोड्यातल्या अक्षरं-आकड्यांच्या पत्त्यांवर घुटमळणारे माझ्या अभ्यासिकेतले सोबती होड्यांवर चटकन उत्तर देतात. म्हणून अनोळखी नावांचं विधान आलं की मी त्याच्या जागी बंदरातलं काहीतरी ठेवते.

पेपरात मी प्रत्येक विधानाला तीनच गोष्टी विचारल्या: इथे अट आहे का, बाण कुठून कुठे जातो, आणि पर्याय न बोललेल्या दिशेला तर जात नाही ना. कच्च्या कामाच्या जागेत दोन अक्षरं आणि एक बाण, त्याहून जास्त लिहिलं नाही. सीसॅटमध्ये मी पात्र झाले. आता मुख्य परीक्षेची पुस्तकं टेबलावर आहेत, आणि फेरीबोटीतली वही चुलतभावाने नेली आहे. पहिल्याच दिवशी त्याने त्यात लिहिलं: “सुटे असतील तरच तिकीट.” शेजारी बाण काढला होता, तिकिटाकडून सुट्यांकडे.