शेअर आत्ता घेऊ की पडल्यावर घेऊ? तुम्ही विचारलंत म्हणून

बेळगावात उद्यमबागेत दुपारच्या चहाला बसलं की कुणीतरी विचारतंच, "काका, त्या एआयवाल्या मोठ्या कंपन्यांचे शेअर आत्ता घेऊ की पडल्यावर घेऊ?" वर्कशॉपमधली पोरं विचारतात, भाचा विचारतो, खानापूरचे पाहुणे विचारालेत, म्हणून एकदा नीट लिहूनच टाकतो. माझं उत्तर दरवेळी एकच, पैसे परत कधी लागणार ते आधी सांग.

नोव्हेंबर २०२१ मध्ये मी अमेरिकेच्या टेक कंपन्यांच्या एका इंडेक्स फंडात (ठरलेल्या यादीतल्या सगळ्या कंपन्यांचे शेअर थोडे थोडे घेणारा फंड) एकरकमी ४ लाख घातले. पैसे घराचे होते. मच्छेला वरचा मजला चढवायचा, पावसाच्या आधी स्लॅब टाकायचा हे ठरलेलं, मग तोवर क्रेडिट सोसायटीत पडून कशाला राहू देत, असा माझा हिशोब. मे २०२२ आला, सेंट्रिंग लागलं, सळई बांधून झाली, रोज चार वाजले की वळवाचे ढग जमायचे आणि मेस्त्री खालून विचारालाय, "मालक, सिमेंट कधी उतरवू?" मी जिन्यात बसून फोनवर पैसे काढायचं बटण दाबलं. ४ लाखांचे जेमतेम ३ लाख झालेले. कमी पडलेले बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून उभे केले, आणि त्या सोडवून आणेपर्यंत मला तिच्या मोकळ्या हाताकडं बघवत नव्हतं.

त्यात कंपन्यांचं काहीच चुकलं नव्हतं बघा. अमेरिकेत महागाई वाढली, फेडनं, म्हणजे तिकडच्या रिझर्व्ह बँकेनं, व्याजदर चढवायला घेतले, आणि पुढच्या दहा वर्षांचा नफा आजच धरून ज्यांचा भाव लागला होता त्यांचेच शेअर जास्त आपटले. नॅस्डॅक १०० हा तिकडच्या मोठ्या, बहुतेक टेक कंपन्यांचा इंडेक्स २०२२ मध्ये ३३ टक्के पडला, २०२३ मध्ये ५४ टक्के चढला, म्हणजे माझेही पैसे दीड-दोन वर्षांत भरून आले असते, पण उघड्या सळईला पाऊस थोडाच विचारतो.

मग थांबलं की येतातच काय पैसे? तसंही नाही. सिस्को घ्या. इंटरनेटला लागणारे राउटर बनवणारी कंपनी, मार्च २००० मध्ये एकूण बाजारमूल्यानं जगातली सगळ्यात महाग, शेअर ८० डॉलरला. इंटरनेट घरोघरी जाणार हे लोकांचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरलं, तरी ऑक्टोबर २००२ पर्यंत तोच शेअर ९ डॉलरच्याही खाली गेला आणि परत ८० दिसायला डिसेंबर २०२५ यावा लागला. इकडं रताळ्याचं तेच होतं की, गेल्या साली दर लागला म्हणून सगळ्यांनीच लावली की काढणीला एपीएमसीत गाड्यांची रांग, रताळं गोडच असतं पण विक्रीची पट्टी हातात पडते तेव्हा कळतं.

आणि "पडल्यावर घेऊ" म्हणणाऱ्यांना मी अमेझॉनचं सांगतो. १९९९ च्या शेवटी १०० डॉलरच्या वर गेलेला शेअर २००१ मध्ये ६ डॉलरला मिळत होता (नंतर एका शेअरचे अनेक शेअर केले, ती स्प्लिट न धरता), पण त्या दिवसांत इंटरनेटवर धंदा करणाऱ्या डॉटकॉमवाल्या कंपन्या एकामागून एक बंद पडत होत्या आणि ही उरेल असं छातीठोक कोण सांगणार होतं? भाव पडतो तेव्हा घ्यायची हिंमतही पडते, हे मी माझ्यावरून सांगतो, २०२२ च्या दिवाळीत हातात थोडे पैसे असून मी घेतले नाहीत.

आता मी सात वर्षं हात लावायचा नाही असेच पैसे यात घालतो, तेही दर महिन्याला थोडे, एकाच कंपनीच्या नावावर नाही, इंडेक्स फंडात. एकूण बचतीच्या दहा टक्क्यांवर जाऊ देत नाही. कर्ज काढून तर कुणीच घेऊ नका, हात जोडून सांगतो.

परवा शॉपमधल्या एकानं विचारलं, त्याच्याकडं दीड लाख आहेत, पोरीच्या ॲडमिशनला जूनमध्ये लागणार. मी म्हटलं, ते बँकेत एफडीत ठेव गा, आणि ओव्हरटाइमचे दोन हजार येतात त्याची एसआयपी लाव, म्हणजे दर महिन्याला ठरलेले पैसे फंडात. तो म्हणाला, "एवढ्यानं काय होतंय?" मी त्याला घरी नेऊन तो स्लॅब दाखवला आणि पाटल्यांची सगळी गोष्ट सांगितली.