घरातला निरोप्या

शनिवारी दुपारी मी जालन्याहून एसटीनं संभाजीनगरला कशाला जातो, असं शाळेतले सहकारी विचारतात. मी तिथं समूहउपचाराला जातो. मानसशास्त्रज्ञ मॅडम, आम्ही सात-आठ जण, गोल मांडलेल्या खुर्च्या आणि दीड तास. सगळे तिशी-चाळिशीतले, नोकरी-संसारातले. सगळ्यांच्या आईवडलांनी लेकरांना खाऊपिऊ घातलं, शिकवलं. पण लेकरू रडलं, चिडलं, घाबरलं की त्यांना ते झेपायचं नाही. मग लेकरानंच त्यांना सांभाळायचं. अशा पालकांना भावनिकदृष्ट्या अपरिपक्व म्हणतात. हा काही आजार नाही, केसपेपरवर असं निदान कुणी लिहीत नाही.

आमचं घर सेलूजवळ. दादा आणि माय यांच्यात अबोला सुरू झाला की पंधरा-पंधरा दिवस चालायचा. दादा ताटावर बसून मला सांगायचे, "तुह्या मायला सांग, भाकर वाढ म्हणावं." माय तिथंच चुलीपुढं. तिला ऐकू गेलेलं असायचं, तरी मी उठून तिच्याजवळ जायचो. माय म्हणायची, "म्हणावं, हातानं घ्या." निरोप जसाच्या तसा दिला तर भडका उडतो, हे मला तिसरी-चौथीतच कळलं होतं. म्हणून परत येताना मी शब्द बदलायचो, "माय म्हणती, हात पिठाचे हायेत, घेता का." घरात सगळे म्हणायचे, पोरगं लई शहाणं. आजही शाळेत दोघांचं वाजलं की मलाच बोलावतात. आणि आजही समोरचं माणूस गप्प झालं की माझ्या पोटात गोळा येतो.

याबद्दल तोंड उघडणं सोपं नव्हतं. १९७२च्या दुष्काळात दादा लहान होते. त्यांनी खडी फोडली, सुकडीवर दिवस काढले. अशा बापाबद्दल काय बोलायचं? ग्रुपमध्ये सुरुवातीला मी हेच बोलत राहायचो, त्यांचे कष्ट. कुणी अडवलं नाही. मग एका ताईंनी विचारलं, "हे सगळं खरंय. पण तेव्हा तुमच्याशी कोण बोलायचं?" मला उत्तर देता आलं नाही.

ग्रुपमधलं बाहेर सांगायचं नाही, हा तिथला पहिला नियम. पुढचा प्रसंग ज्यांचा आहे, त्यांना विचारूनच लिहितोय.

एका शनिवारी एक काका हाताची घडी घालून गप्प बसले. मी लगेच सुरू झालो. पाण्याची बाटली पुढं केली, प्रवास कसा झाला विचारलं, बाकीच्यांना सांगितलं, "त्यांना बरं नसेल." मॅडमनी मला थांबवलं. "त्यांनी तुम्हाला काही निरोप दिलाय का?" नव्हता दिला. "आत्ता अंगात काय होतंय?" कान गरम झाले होते, पोट आवळलं होतं. मॅडम म्हणाल्या, काही करू नका, नुसते बसा. ते बसणं फार जड गेलं. शेवटी काकाच बोलले, आणि माझ्यावरच चिडून बोलले, "तुम्ही मधीच बोलता, मला बोलायला जागाच राहत नाही." मला असं तोंडावर आजवर कुणी सांगितलं नव्हतं. भांडण झालं नाही. कुणी उठून गेलं नाही. पुढच्या शनिवारी काका माझ्या शेजारीच बसले.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आयर्विन यालोम यांनी १९७०मध्ये समूहउपचारावर लिहिताना हेच मांडलं होतं. माणूस ग्रुपमध्ये हळूहळू आपल्या पहिल्या कुटुंबात वागायचा तसाच वागायला लागतो, आणि तिथं त्या वागण्याला वेगळं उत्तर मिळू शकतं. ग्रुपमध्ये येण्याआधी मी एकट्यानं समुपदेशन घेतलं होतं, त्याचाही उपयोग झाला. पण तिथं मी घराबद्दल सांगायचो. इथं ते घरच माझ्यासमोर घडलं, आणि या वेळी मी एकटा नव्हतो.

माय-दादा आता बदलतील, अशी आशा मी धरत नाही. ग्रुपही त्यासाठी नाही. दिवाळीनंतर मायचा फोन आला, "तुह्या दादाला सांग, दवाखान्यात जायचंय म्हणावं." मी म्हणालो, "माय, ते तिथंच बसलेत ना, तूच सांग." तिनं फोन ठेवला, काही दिवस रुसली. मला चैन पडेना, पण मी उलटा फोन केला नाही. मग तिचाच आला, हरभऱ्याचं सांगायला. निरोप अजूनही येतात. मीही तेच उत्तर देतो.

कुणाला जायचं असेल तर आधी तज्ज्ञाला एकट्यानं भेटा. जीव द्यावासा वाटत असेल, व्यसन असेल किंवा घरात मारहाण चालू असेल, तर त्यावर आधी स्वतंत्र मदत घ्या. ग्रुप चालवणाऱ्याचं शिक्षण विचारा, गोपनीयतेचा नियम विचारा, मधूनच नवीन माणसं येणार का तेही विचारा. आपल्याकडे असे ग्रुप फार थोडे आहेत. सुरुवात कुठून करावी कळत नसेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. फोन मोफत, दिवसरात्र कधीही लागतो, मराठीतून बोलता येतं.