पन्नास विधानं आणि कागदाची मागची बाजू

एम.एस्सी. नर्सिंगला प्रबंध चुकत नाही. आमच्यातल्या बऱ्याच जणी 'अमुक विषयावरील माहितीपुस्तिकेची परिणामकारकता' घेतात. आधी चाचणी, मग पुस्तिका, मग पुन्हा चाचणी. गुण वाढतातच, आणि प्रबंध वेळेत बाइंडिंगला जातो. मलाही असाच सुटसुटीत विषय सुचवला गेला होता. पण त्याआधी काही वर्षं मी वॉर्डात स्टाफ नर्स होते, पोस्टिंगला येणाऱ्या विद्यार्थिनी रोज बघत होते. सकाळी बेडमेकिंग, टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), औषधांची फेरी, आणि मग खिडकीशी उभं राहून मांडीऐवजी भिंतीवर वही टेकवून केअर प्लॅन, म्हणजे पेशंटच्या शुश्रूषेचा आराखडा, लिहायचा. निकाल किती लागला हे त्यांना सगळे विचारायचे. तिथे शिकताना कसं वाटतं, हे विचारताना मी कोणाला ऐकलं नाही. म्हणून विषय ठरवला: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना आपलं शैक्षणिक वातावरण कसं वाटतं.

नाशिकात हा विषय घेणं सोपं जाईल असं वाटलं होतं. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून इथलंच, दिंडोरी रोडला म्हसरूळच्या बाजूला. राज्यभरातल्या एमबीबीएसपासून फिजिओथेरपीपर्यंतच्या बहुतेक पदव्या या विद्यापीठाच्या. शहरातल्या झेरॉक्सवाल्यांनासुद्धा सिनॉप्सिसला (प्रबंधाच्या आराखड्याला) किती प्रती लागतात ते पाठ असतं. पण कॉलेजच्या आत जाऊन 'तुमच्या मुलींना तुमच्याबद्दल काय वाटतं ते विचारायचंय' म्हटलं की खुर्चीवरचा माणूस जरा सावरून बसतो.

प्रश्नावली मी नवी केली नाही. स्कॉटलंडमधल्या डंडी इथे तयार झालेली आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेली 'ड्रीम' नावाची प्रश्नावली वैद्यकीय, दंत, नर्सिंग अशा सगळ्या शाखांत जगभर वापरतात. त्यात ५० विधानं, प्रत्येकाला ० ते ४ गुण, म्हणजे जास्तीत जास्त २००. शिकणं, शिकवणारे, स्वतःच्या अभ्यासाबद्दलचा विश्वास, वातावरण आणि सामाजिक आयुष्य असे पाच भाग. ९ विधानं मुद्दाम उलटी आहेत. उदाहरणार्थ, शिक्षक विद्यार्थ्यांची टर उडवतात, किंवा मी इतकी थकलेली असते की या कोर्समध्ये मजाच येत नाही. त्यांचे गुण उलटे मोजायचे असतात. एक्सेलमध्ये हे आधीच सूत्र घालून ठेवा, नंतर हाताने बदलत बसू नका.

तज्ज्ञांच्या सह्या, पायलट स्टडी (आधीची छोटी चाचपणी), प्राचार्यांची परवानगीपत्रं हे सगळं सगळ्यांनाच करावं लागतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. संशोधन नीतीला धरून आहे ना हे बघणाऱ्या एथिक्स कमिटीचं मात्र सांगायला हवं. बऱ्याच जणी ही मीटिंग म्हणजे उरकायची सही समजतात. मला तिथे एकच प्रश्न खोदून विचारला गेला: वर्गात मॅडम उभ्या असताना विद्यार्थिनी 'मी भरणार नाही' असं म्हणू शकेल का? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नीतिमार्गदर्शक सूचनांमध्ये, कोणाच्या तरी हाताखाली असलेल्यांची, त्यात विद्यार्थीही आले, संमती दबावाखाली दिली जाण्याचा धोका सांगितला आहे. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते कागदावर नव्हतं. मग ते लेखी दिलं. नाव नाही, रोल नंबर नाही, भरताना शिक्षक वर्गात नाहीत, कोरा कागद पाकिटात घातला तरी चालेल, पाकीट पेटीत स्वतः टाकायचं.

या अटींवर कमिटीने मंजुरीचं पत्र दिलं, आणि याच पत्राने पुढे मला तारलं. एका कॉलेजच्या ऑफिसने परवानगी दिली, पण 'रोल नंबरचा रकाना टाका, कोणी भरलं नाही ते आम्हाला कळायला हवं' अशी अट घातली. मी भांडले नाही. कमिटीचं पत्र समोर ठेवलं आणि म्हटलं, रकाना टाकला तर माझी मंजुरीच रद्द होते. हजेरीची वेगळी यादी करण्यावर तडजोड झाली. दुसरीकडे क्लास टीचर मागच्या बाकावर जर्नल तपासत बसल्या. 'मी काही बघत नाही हो, तुमचं चालू द्या.' बाईंचा हेतू वाईट नसावा. पण मुलींची पेनं हलेनात. मी बाईंना हळूच बाहेर चहाला नेलं आणि पेटीजवळ माझ्या मैत्रिणीला थांबवलं. परत आले तेव्हा वर्गात खुसफूस चालू होती आणि एकजण विधान मोठ्याने वाचून हसत होती. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

पायलटच्या वेळी एका मुलीने विचारलं, 'मॅम, शिक्षक म्हणजे आमच्या टीचर की वॉर्डातल्या सिस्टर?' हा प्रश्न नर्सिंगमध्ये येणारच. आमचं अर्धंअधिक शिक्षण वॉर्डात होतं. इंजेक्शन कसं द्यायचं ते कॉलेजच्या लॅबमध्ये पुतळ्यावर दाखवतात, पण हात बसतो तो वॉर्डातल्या सिस्टरच्या नजरेखाली, आणि ओरडाही तिथेच बसतो. दोघींना एकत्र धरलं तर आकड्यातून काहीच कळणार नव्हतं. म्हणून सूचनेत स्पष्ट लिहिलं की इथे शिक्षक म्हणजे कॉलेजचे. सूचनेतला हा बदल कमिटीला कळवला. त्यामुळे वॉर्डातल्या सिस्टर माझ्या अभ्यासाबाहेर राहिल्या, हे मला मान्य आहे. तरी उत्तर नेमकं कोणाबद्दल आहे हे ठाऊक असणं मला जास्त गरजेचं वाटलं.

राहण्याची जागा चांगली आहे, असंही एक विधान आहे. निफाड, सिन्नरहून रोज एसटीने येणाऱ्या मुलींनी ते कोरं सोडलं. हॉस्टेलच्या मुलींनी मात्र पेन दाबून गोल केले होते.

एकूण गुण आले ते १०१ ते १५० या पट्ट्यात, म्हणजे प्रश्नावलीच्या भाषेत 'उणिवांपेक्षा जमेची बाजू जास्त'. प्रसिद्ध झालेले जे अभ्यास मी वाचले, त्यातलेही बरेच याच पट्ट्यात येतात, म्हणून मला या आकड्याचं फारसं अप्रूप नाही. खरं काय ते एकेका विधानाची सरासरी सांगते. २ किंवा त्याखाली असेल तर तिथे लक्ष द्यायला हवं. 'इथे माझे चांगले मित्र आहेत' हे वर होतं. ताण आलेल्यांसाठी आधाराची सोय आणि थकव्याचं उलटं मोजलेलं विधान, ही दोन खाली. ओरल्सच्या महिन्यात भरून घेतलं असतं तर थकवा परीक्षेच्या माथी मारता आला असता. पण आम्ही मुद्दाम परीक्षेपासून लांबचे दिवस घेतले होते.

प्रत्येक कॉलेजला त्यांचा स्वतंत्र अहवाल दिला, फक्त सरासरीचा. एका ठिकाणहून फोन आला, 'कोणत्या वर्षाच्या मुलींनी कमी दिले तेवढं सांगा.' तिथे एकेका वर्षाला मोजक्याच मुली. वर्ष सांगितलं की नावं सांगितल्यासारखंच. मी नाही म्हटलं. फोनवरच्या मॅडम नाराज झाल्या, पण त्याला माझा इलाज नव्हता.

आता राहिली ती मागची बाजू. कागदाच्या मागे लिहायला मी कुठेही सांगितलं नव्हतं, तरी अनेकींनी लिहिलं होतं. वॉर्डाबद्दल बरंच. पोस्टिंगमध्ये जेवायला जागा नाही, याबद्दल. सुरगाण्याकडच्या एकीने लिहिलं होतं की लेक्चर इंग्रजीत, पेशंट मराठीत, घरी डांगी, आणि प्रश्न विचारायचा तर तो आधी मनात तीनदा फिरवावा लागतो. पन्नास विधानांत भाषेबद्दल एकही नाही. मला या ओळी निष्कर्षात हव्या होत्या. गाईड मॅम म्हणाल्या, 'संमती फक्त विधानांसाठी घेतलीय ना? मग हे वापरता येणार नाही.' त्यांचं बरोबर होतं. मर्यादांच्या प्रकरणात मी एवढंच लिहिलं की वॉर्डातल्या सिस्टरांकडून होणारं शिक्षण आणि शिकवण्याची भाषा माझ्या अभ्यासात येत नाहीत. मुलाखतींसाठी नवा प्रस्ताव कमिटीकडे दिला आहे, पुढच्या मीटिंगला तो येईल.