सकाळी बरोबर, संध्याकाळी चूक

इंदूरला माझ्या इंग्रजीच्या दोन बॅच असतात, सकाळी साडेसातची आणि संध्याकाळी सहाची. बहुतेक मुलं घरी मराठी, बाहेर हिंदी. त्या दिवशी प्रेझेंट परफेक्टचा, म्हणजे ‘हॅव’ लावून होणाऱ्या पूर्ण वर्तमानकाळाचा, सराव होता. दोन्ही बॅचना एकच कागद दिला: पंचवीस वाक्यं, चूक की बरोबर ते सांगायचं. सातवं वाक्य होतं, ‘आय हॅव हॅड पोहे धिस मॉर्निंग.’

सकाळच्या मुलांनी बिनधास्त बरोबरची खूण केली. संध्याकाळी एका मुलीनं त्यावर काट मारली. उत्तरांच्या कागदावर ‘बरोबर’ छापलेलं, त्यामुळे बाकीचे तिच्यावर तुटून पडले. ती म्हणाली, “पण सर, सकाळ तर केव्हाच संपली ना!”

चूक माझ्या कागदाची होती. ‘धिस मॉर्निंग’बरोबर ‘हॅव’ चालतं ते सकाळ चालू असेपर्यंतच. दुपार झाली की ‘आय हॅड पोहे धिस मॉर्निंग’. ‘टुडे’ला मात्र संध्याकाळीही ‘हॅव’ चालतं, कारण दिवस अजून संपलेला नसतो.

आपल्या मुलांना हे जड जातं ते मराठीतल्या ‘आहे’मुळे. ‘मी कालच फॉर्म भरला आहे’ यात आपल्याला काही खटकत नाही, हिंदीतही नाही. म्हणून ‘आय हॅव फिल्ड द फॉर्म यस्टर्डे’ सहज तोंडून निघतं. इंग्रजीत काल, परवा, 2019मध्ये, दोन दिवसांपूर्वी अशी सरलेली वेळ आली की ‘हॅव’ काढायचं.

यावर जोडीनं सराव घेतो. एकानं विचारायचं, ‘हॅव यू एव्हर बीन टू मांडू?’ उत्तर ‘येस’ आलं की पुढचा प्रश्न ‘डिड’नंच: ‘व्हेन डिड यू गो?’ इथे निम्मा वर्ग ‘व्हेन हॅव यू गॉन’वर घसरतो, कारण मराठीत दोन्हीकडे ‘कधी’च. मी प्रश्न आधी मराठीत म्हणायला लावतो. ‘कधी गेला आहेस का?’ असा शेवटी ‘का’ आला तर ‘एव्हर’. नुसतं ‘कधी गेलास?’ असेल तर ‘व्हेन’. दहा-बारा फेऱ्यांत जीभ वळते.

‘पासून’ आणखी त्रास देतं. ‘पाच वर्षांपासून इथे राहतो’चं होतं ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’. एका वाक्यात दोन चुका. ‘राहतो’ वर्तमानकाळ, म्हणून ‘अ‍ॅम’. आणि ‘पासून’ला सगळीकडे ‘सिन्स’. हवं ते ‘आय हॅव लिव्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’. किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’, कुठून सुरुवात ते सांगायचं तर ‘सिन्स’: ‘फॉर टू डेज’, ‘सिन्स मंडे’. नियम पाठ असूनही बोलताना विसरतात, म्हणून नुसते तुकडे देऊन आधी फक्त ‘फॉर’ की ‘सिन्स’ एवढंच ओरडायला लावतो. वर्ग गोंगाटाचा होतो, होऊ दे.

एका ठिकाणी मात्र मराठी आयती मदतीला येते. ‘उज्जैनला गेलाय’ म्हणजे ‘गॉन’, अजून तिकडेच आहे. ‘जाऊन आलाय’ म्हणजे ‘बीन’. हे फळ्यावर एकदा लिहिलं की पुरतं.

नव्या कागदावर सातवं वाक्य दोनदा छापलंय. एकापुढे ‘सकाळी 8 वाजता’, दुसऱ्यापुढे ‘संध्याकाळी 6 वाजता’.